कॅप्सूलचं कवच आणि आतलं औषध



दशलक्षण पर्व जवळ आलं की दरवर्षी मी एकाशनाच्या स्वयंपाकाबद्दल लिहिते. हिरवी भाजी नाही, कांदा-लसूण-बटाटा नाही, तरी ताट भरलेलं कसं दिसेल, हे तुमच्यापैकी कितीतरी जणी विचारत असता. यंदा तो लेख पुढच्या आठवड्यात देईन. आज जे लिहायचंय ते दोन वर्षं मनात ठेवलंय. घरात सगळ्यांना माहीत आहे, बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही आई, पण माझा फोटो टाकू नकोस."

आमची मनू (हे घरातलं नाव) तेव्हा सोळा वर्षांची होती, नुकतीच अकरावीला गेलेली. चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या होत्या, गालावर जरा जास्तच. या वयात येतातच. पण मार्गशीर्षात धाकट्या दिरांचं लग्न ठरलं होतं, आणि साखरपुड्यात एक मावससासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरगी गोरीपान आहे, पण तोंडाचं काय करून घेतलंय हे?" मनू हसली, आणि घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन रडली. खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मलाच ते जास्त लागलं होतं.

सासूबाईंचं म्हणणं साधं होतं. "वयाचं आहे. मुलतानी माती लाव, तळकट कमी दे, दोन वर्षांत जाईल." मला लग्नाआधी जायला हवं होतं. त्यांना न सांगता मी मनूला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी लावायला एक मलम दिलं आणि पोटात घ्यायला मिनोसायक्लिन लिहिलं, रोज एक. हे एक अँटिबायोटिक आहे, टेट्रासायक्लिन या कुळातलं. पुटकुळ्यांमधले जंतू आणि सूज कमी करायला ते कित्येक आठवडे देतात.

आता माझं शहाणपण ऐका. मेडिकलवाल्याने कॅप्सूल पुढे केली, तशी मी लगेच विचारलं, "हिचं कवच जिलेटिनचं आहे ना?" कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात, हे आपल्यातल्या बहुतेकजणींना माहीत आहे. मी डॉक्टरांना फोन लावून कॅप्सूलऐवजी तेच औषध गोळीच्या रूपात मागून घेतलं. घरी येताना केवढं समाधान वाटत होतं! व्रतही सांभाळलं आणि पोरीचा चेहराही सांभाळला. कवच कशाचं आहे, हे मी दोनदा विचारलं. आत काय आहे, त्याने काय होऊ शकतं, कुठली लक्षणं दिसली तर थांबायचं, हे एकदाही विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, "काही त्रास वाटला तर कळवा." मी मान हलवली होती.

गोळ्यांची पट्टी मी माझ्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. रोज जेवणानंतर मनू गुपचूप एक घ्यायची. श्रावणात गोळ्या चालू झाल्या. पंधरा दिवसांत गाल निवळायला लागले, आणि मी मनात म्हटलं, बघा, जमलं.

भाद्रपद शुद्ध पंचमीला दशलक्षण सुरू झालं. मनूने त्या वर्षी पहिल्यांदाच दहाही दिवस एकाशन करायचं ठरवलं होतं. सकाळी मंदिर, दुपारी एकदाच जेवण, त्यानंतर तत्त्वार्थसूत्राच्या वाचनाला आजीबरोबर जाऊन बसायची. दुसऱ्या दिवशी, मार्दवाच्या दिवशी रात्री तिला ताप आला. अंग तापलं होतं, घसा दुखत होता. घरात सगळ्यांनी एकच कारण काढलं, एकाशन झेपलं नाही, पित्त झालं.

सकाळी आम्ही तिला गावातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. सासूबाई सोबत होत्या. डॉक्टरांनी तपासलं, घसा बघितला, गळ्याशी गाठी हाताला लागतात म्हणाले, आणि विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का?"

सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मी म्हणाले, "नाही डॉक्टर."

तो तिसरा दिवस होता, उत्तम आर्जवाचा. आर्जव म्हणजे मनात, बोलण्यात आणि वागण्यात एकच असणं. सकाळी मंदिरात त्यावरच प्रवचन ऐकून आले होते. मनूने माझ्याकडे पाहिलं, पण ती काही बोलली नाही. पोरी आईकडे बघून गप्प बसायला किती लवकर शिकतात!

मला तेव्हा खरंच वाटलं होतं की त्या गोळीचा आणि तापाचा संबंध नाही. औषध सोसलं नाही तर लगेच कळतं, तासाभरात गांधी उठतात, एवढंच मला ठाऊक होतं. मनू तर ती गोळी पंचवीस-सव्वीस दिवस घेत होती. इतके दिवस सोसलेलं औषध आता कसं बाधेल? शिवाय अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडायचा नाही, हे आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं. म्हणून तापातही मी तिला गोळी देत राहिले. त्या दिवसापासून आणखी तीन.

डेंग्यूची तपासणी केली, तो नव्हता. डॉक्टर म्हणाले व्हायरल असेल. पाचव्या दिवशी दुपारी तिच्या छातीवर आणि पाठीवर लाल पुरळ उठलं. संध्याकाळी ते हातापायांवर उतरलं. ताप एकशे तीन. रात्री आठच्या सुमारास ती झोपेतून उठली आणि मी दिवा लावला, तर तिचा चेहरा ओळखू येईना. डोळ्यांच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या, गाल आणि कानांच्या पाळ्याही सुजल्या होत्या. "आई, आरसा दे," म्हणाली. मी दिला नाही.

तिला पाणी हवं होतं. मी तांब्या हातात घेऊन एक क्षण घुटमळले. आमच्या घरी दिवस मावळल्यावर मोठी माणसं पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि मनूचं तर व्रत चालू होतं. सासूबाई दारात उभ्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी रात्री तोंडात काही घातल्याचं मी पाहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, "दे की गं पाणी. नियम आपण घेतलेत, तापाने घेतलेले नाहीत." आणि यांना हाक मारली, "गाडी काढ रे, सांगलीला जायचं."

जयसिंगपूर ते सांगली म्हणजे काय मोठं अंतर? पण त्या रात्री अंकलीचा पूल संपता संपेना. मागच्या सीटवर मनूचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि सासूबाई पुढे बसून णमोकार म्हणत होत्या.

सांगलीच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर मुलगी रात्रपाळीला होती. मनूपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी असेल. तिने पुरळ पाहिलं, तोंडात बॅटरी मारून बघितलं, डोळे उघडून पाहिले, गळ्यातल्या आणि काखेतल्या गाठी चाचपल्या. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "गेल्या दोन महिन्यांत हिने जे जे घेतलंय ते सगळं सांगा. गोळी, इंजेक्शन, काढा, आयुर्वेदिक, टॉनिक, काहीही. चालू असलेलं आणि बंद झालेलंही."

दोन महिने हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तरी तोंड उघडेना. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "त्या पुटकुळ्यांच्या गोळ्या सांग की."

त्यांना माहीत होतं. रिकामी पट्टी त्यांनी कचऱ्यात पाहिली होती, कित्येक दिवसांपूर्वी.

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टर मुलगी रागावली नाही. फक्त म्हणाली, "शेवटची गोळी कधी दिलीत?" मी म्हणाले, "आज दुपारी." तिने ते लिहून घेतलं. तो आकडा कागदावर उमटताना मला जे वाटलं, ते मी इथे लिहू शकणार नाही.

रक्ताचे रिपोर्ट पहाटे आले. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, ज्या शंभरात पाच-सहापर्यंत असाव्यात, त्या अठरा होत्या. यकृताचा एसजीपीटी चाळीसच्या आसपास हवा, तो चारशेच्या वर. सकाळी मोठे डॉक्टर आले आणि त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, ड्रेस. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. लग्नातल्या ड्रेससाठीच तर सगळा खटाटोप केला होता. पण हे इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचं लहान रूप आहे. औषधाविरुद्ध शरीराची संरक्षणयंत्रणा पेटून उठते, इओसिनोफिल वाढतात, आणि हल्ला कातडीपुरता न थांबता यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस, हृदय यांपर्यंत पोचू शकतो.

डॉक्टरांनी जे समजावून सांगितलं ते तुम्हाला नीट सांगते, कारण याचसाठी हा लेख आहे.

हा आजार औषध सुरू केल्यावर लगेच येत नाही. साधारण दोन ते आठ आठवड्यांनी येतो. म्हणूनच घरच्यांना गोळीचा संशय येत नाही. आधी ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ, गाठी सुजणं, मग चेहरा सुजणं. सुरुवातीला तो गोवर, डेंग्यू किंवा कुठलाही व्हायरल ताप वाटू शकतो. फिटसाठी देतात ती काही औषधं, युरिक अॅसिडसाठीचं अॅलोप्युरिनॉल, सल्फा कुळातली अँटिबायोटिक्स आणि हे मिनोसायक्लिन यांच्यामुळे तो होतो हे डॉक्टरांना माहीत असतं. तो क्वचितच होतो. हजारो मुलं हीच गोळी घेतात आणि त्यांना काही होत नाही. पण ज्याला होतो, त्याच्यासाठी तो साधा नसतो. या आजारात शंभरातले दहापर्यंत रुग्ण दगावू शकतात, असं त्यांनी यांना बाहेर नेऊन सांगितलं होतं. मला ते महिन्याने कळलं.

पहिला उपचार म्हणजे ती गोळी बंद करणं, आणि ती जितकी लवकर बंद होईल तितकं बरं. मी "नाही डॉक्टर" म्हणाले, त्यानंतरच्या तीन गोळ्यांचा हिशेब मी अजून करते. सासूबाई म्हणतात करू नकोस.

मनूला स्टिरॉइड सुरू केलं. ताप तिसऱ्या दिवशी उतरायला लागला, सूज आठवड्याने. मग कातडी सुटायला लागली, तळहाताची पापुद्र्यासारखी. यकृताचे आकडे हळूहळू खाली आले. अकरा दिवस आम्ही तिथे होतो. घरी आल्यावरही स्टिरॉइडची गोळी एकदम बंद करता येत नव्हती. ती घाईने कमी केली तर आजार उलटतो, म्हणून जवळजवळ तीन महिने थोडी थोडी कमी करत नेली. त्या गोळ्यांनी तिचा चेहरा गोल झाला, आणि गंमत बघा, पुटकुळ्या पुन्हा आल्या. लग्नात ती तशीच वावरली. त्याच मावससासूबाई जवळ येऊन म्हणाल्या, "बरी आहेस ना गं बाळा?" आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला.

अनंत चतुर्दशीही हॉस्पिटलातच गेली आणि क्षमावाणीही. त्या दिवशी सकाळी सासूबाई घरून आल्या, मनूच्या पायथ्याशी बसल्या. मी त्यांना म्हणाले, "आई, उत्तम क्षमा. तुमच्यापासून लपवलं." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला विचारलं असतंस तर मी नकोच म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाहीस, ते कळतं मला. मीही पट्टी बघून गप्प बसले. तू सांगशील म्हणून वाट बघत. तू आधी क्षमा मागितलीस, आता मी मागते."

मनूची क्षमा मागणं जास्त अवघड होतं. ती म्हणाली, "मीही तर बोलले नाही आई. तू नाही म्हणालीस म्हणून." या एका वाक्याने मला जेवढं जागं केलं तेवढं कुठल्याच प्रवचनाने केलं नाही. घरातलं मोठं माणूस खोटं बोललं की लेकरू आपल्या जिवावर बेतेपर्यंत ते खोटं सांभाळतं.

आता मैत्रिणींनो, घाबरून अँटिबायोटिक टाकून देऊ नका. त्यांनी आपल्या आई-आजींच्या पिढीतली किती लेकरं वाचवलीत हे आपल्याला माहीत आहे. पण एवढं लक्षात ठेवा.

नवीन औषध सुरू झालं की तारीख कॅलेंडरवर लिहा. आपण अष्टमी-चतुर्दशी कॅलेंडरवर बघतोच, त्याच चौकोनात लिहायचं. पुढचे दोन महिने ताप किंवा पुरळ आलं तर त्या तारखेकडे बोट दाखवता आलं पाहिजे.

ताप आणि पुरळ एकत्र आलं, चेहरा सुजला, गाठी आल्या, डोळे किंवा लघवी पिवळी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि पुढची गोळी देण्याआधी विचारा. कोर्स पूर्ण करायचा हा नियम बरा आहे, पण अशा वेळी तो लागू नाही.

तोंडात, ओठांवर फोड आले, डोळे जळजळू लागले, कातडी दुखायला आणि सोलायला लागली, तर तो स्टीव्हन्स-जॉन्सन नावाचा वेगळा आणि तितकाच भयंकर प्रकार असू शकतो. १९२२ साली दोन अमेरिकन डॉक्टरांनी दोन मुलांमध्ये पाहून त्याची नोंद केली, म्हणून त्यांचं नाव. तिथे सकाळ होण्याची वाट बघायची नाही.

गोळी किंवा इंजेक्शननंतर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, धाप, उलट्या, चक्कर, हे तिसरं. त्यावर घरातली खाजेची गोळी पुरत नाही. मांडीत अॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन लागतं. रुग्णाला आडवं करा, पाय जरा उंच ठेवा, श्वास लागत असेल तर टेकून बसवा, उभं करून चालवू नका, आणि जवळच्या हॉस्पिटलात न्या.

आणि उलट बाजूही सांगते. लहानपणी कधी पेनिसिलिनने पुरळ आलं म्हणून जन्मभर "आमच्यात पेनिसिलिन चालत नाही" म्हणत राहू नका. मुलांना व्हायरल तापातही पुरळ येतं आणि दोष औषधाला जातो. अशी नोंद असलेल्या दहातल्या नऊ जणांना तपासणीत ते औषध चालतं असं दिसतं. तपासणी मात्र डॉक्टरांनी करायची, घरी गोळी देऊन बघायचं नाही. आणि ज्याला ड्रेस किंवा स्टीव्हन्स-जॉन्सन झालंय त्याला ते औषध पुन्हा कधीच द्यायचं नाही. आमच्या डॉक्टरांनी मनूला टेट्रासायक्लिनचं सगळं कुळच बंद सांगितलंय. धाकट्याला कधी औषध लिहून देतील तेव्हा बहिणीचं सांगा, असंही बजावलंय. थायरॉइडची तपासणीही अधूनमधून करायला सांगितली आहे, कारण या आजारानंतर काही महिन्यांनी तो बिघडू शकतो. मनूचा आजवर ठीक आहे.

औषधाच्या डब्यात उरलेल्या गोळ्या ठेवायची माझी सवय गेली. दिवाळीआधी कपाटं आवरतो तसा मी तो डबा आवरते. शेजारणीची उरलेली गोळी आपल्या लेकराला देणंही बंद.

परिग्रह साड्यांचा असतो तसा गोळ्यांचाही असतो. आणि कवच कशाचं आहे हे मी आजही विचारते, विचारत राहीन. फक्त त्यानंतर आतल्याचंही विचारते.

गेल्या महिन्यात मनूची अक्कलदाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "कुठल्या औषधाची अॅलर्जी?" मी तोंड उघडायच्या आत तिने मोबाईलच्या कव्हरमधून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यावर तिच्याच अक्षरात औषधाचं नाव, आजाराचं नाव आणि वर्ष होतं. डॉक्टर वाचत होते, तोवर ती त्यांना सांगायला लागली, कधी सुरू केली, किती दिवसांनी ताप आला, शेवटची गोळी कधी घेतली. सगळं, काही न वगळता.

मी शेजारच्या खुर्चीत गप्प बसून ऐकत होते.

जय जिनेंद्र. पुढच्या आठवड्यात एकाशनाचं ताट.